अधिकाचं वाण

येना, १९ मे २०२६

श्री. प्रणवराव यांस,

अनेक आशीर्वाद. पाकिटावरचं अक्षर ओळखून दचकला असाल तर आधीच सांगते, आम्ही सुखरूप आहोत. मार्चअखेरीस मी मिरजेहून इथे आले, तेव्हा विमानतळावरून घरी येतानाच मैथिलीने माझ्याकडून दोन वचनं घेतली. प्रणवला फोन करायचा नाही आणि मेसेज करायचा नाही. मी दोन्ही पाळते आहे. पत्राचं ती काही बोलली नव्हती. जन्मभर शाळेत भूगोल शिकवला, नियमातून पळवाट कशी काढायची ते मला मुलांनीच शिकवलं.

तुमचा कोलोनचा पत्ता तुमच्या आईंकडून घेतला. विहीणबाई म्हणणार होते, पण आता तसं म्हणायचं की नाही हेही कळत नाही. घटस्फोटाचे कागद होऊन वर्ष होत आलं. त्याबद्दल मी तुम्हा दोघांना कधी काही विचारलं नाही, आताही विचारणार नाही. तुम्ही कोलोनला, ती येनाला, शनिवार-रविवारचा संसार किती दिवस तग धरणार, एवढं मला समजतं. माझी अडचण त्याहून लहान आहे. परवा रविवारी अधिक महिना लागला.

तीन वर्षांनी येणारा हा महिना, आणि त्यात जावयाला अनारशांचं वाण द्यायचं. तेहतीस अनारसे, ताट, वर तुपाचा दिवा. जावई त्या महिन्यापुरता नारायण. माझ्याकडे ताट आहे, आंबेमोहोर तांदूळ मिरजेहून आणलेत, नारायण तेवढा राहिला नाही. तरी रविवारी सकाळी सवयीने तांदूळ भिजत घातले आणि पाणी ओतताना तुमचंच नाव मनात आलं. मैथिलीने पातेलं पाहिलं आणि कॉफी घेऊन बाल्कनीत गेली. उद्या तांदूळ उपसून पंचावर वाळत घालीन, मग मिक्सरला लावून गुळात कालवीन आणि गोळा डब्यात ठेवीन. तो मुरेपर्यंत आम्ही सहलीला जाऊन येऊ.

तर विचारायचं ते हे. हे वाण मी तुम्हाला दिलं तर तुम्ही घ्याल का? नको असेल तर सरळ नको म्हणा. मला वाईट वाटेल, पण मी रुसून बसणार नाही. रुसायचा मान जावयाचा असतो.

आता सहल कुठे ते ऐका. मैथिलीच्या इन्स्टिट्यूटमधले एक सहकारी आहेत, टोबियास म्हणून. त्यांनी जेवताना सहज विचारलं, फ्राउ सबनीस, तुम्हाला कुठे जावंसं वाटतं? अशा वेळी लोक पॅरिस म्हणतात. माझ्या तोंडून निघून गेलं, स्कॉटलंडमधलं ॲरन बेट. मैथिलीचा घास हातातच राहिला. त्या भल्या माणसाने दुसऱ्या दिवशी बुकिंग करून टाकलं. राहायचं कुठे म्हणाल, तर कॉरी गावातल्या मोरागबाईंच्या घरी. टोबियासना बिचाऱ्यांना काय ठाऊक, आणि मैथिलीने पत्ता वाचला तोवर ते रद्द होण्यापलीकडे गेलं होतं.

ब्रिटनचा दहा वर्षांचा व्हिसा मागच्या वेळी ह्यांनी हट्टाने काढायला लावला होता, माझा आणि त्यांचाही. माझा अजून चालू आहे. त्यांनी त्यांचा एकदाच वापरला.

आठ वर्षांपूर्वी, तेव्हाही अधिक ज्येष्ठच होता, आपण चौघं त्या बेटावर होतो. ह्यांना जाऊन पाच वर्षं झाली. तुम्ही दोघं वेगळे झालात. मैथिली त्या दिवसांचा विषय काढू देत नाही. त्या सहलीतली एखादी गोष्ट आठवून हसू आलं तर मी कुणाकडे बघून हसायचं? म्हणून हे पत्र.

मोरागबाईंनी तुमच्याबद्दल विचारलं तर काय सांगू, तेही कळवा. मैथिलीच्या पत्त्यावर लिहिलंत तरी चालेल, टपाल मीच काढते.

आपली,
अहिल्या सबनीस
(सासूबाई की माजी सासूबाई, ते तुम्ही ठरवा)


कॉरी, ॲरन, २५ मे

प्रणवराव,

पोहोचलो. मागच्या वेळी आर्ड्रोसनहून बोट होती, या वेळी ट्रूनहून. बाकी समुद्र तोच, आणि गोटफेलच्या डोक्यावर बसलेला ढगही मला तोच वाटला. डेकवर ह्यांची टोपी वाऱ्याने उडाली आणि तुम्ही ती पकडायला धावलात, त्याच बाजूला मी उभी राहिले. टोपी गेली ती गेलीच. मग पुढचे सगळे दिवस हे माझी शाल डोक्याला गुंडाळून फिरले, आणि ब्रॉडिकच्या दुकानदाराने त्यांना कुठल्या संस्थानचे महाराज म्हणून विचारलं. ह्यांनी मिरजेचे म्हणून सांगितलं, तेही अगदी गंभीर चेहऱ्याने.

गाडी टोबियास चालवत होते. डाव्या बाजूची सवय नाही, त्यामुळे प्रत्येक वळणावर स्वतःशी 'लिंक्स, लिंक्स' म्हणत होते. मागच्या वेळी तुमच्या शेजारी बसून हे 'डावी, प्रणवराव, डावी' करत होते ना, ते आठवून मला मागच्या सीटवर हसू फुटलं. मैथिलीने आरशातून माझ्याकडे पाहिलं. तिलाही तेच आठवलं होतं, कारण तीही हसत होती. मग एकदम खिडकीबाहेर बघायला लागली.

कॉरी बदललं नाही. पांढऱ्या घरांची ती एक ओळ, समोर रस्ता, रस्त्यापलीकडे खडक आणि पाणी. बंदरात बोटी बांधायचे खुंट मेंढ्यांसारखे रंगवलेले होते, ते तसेच आहेत, कुणीतरी नव्याने रंग दिला आहे.

मोरागबाई दारातच होत्या. फार वाकल्यात. मला मिठी मारली आणि ह्यांच्याबद्दल विचारलं. मी सांगितलं. त्या माझा हात धरून मला आत घेऊन गेल्या आणि चहा ठेवला. चहा झाल्यावर म्हणाल्या, आणि बर्थडे बॉय कुठे आहे? पुढच्या बोटीने येतोय का? बुधवारी सत्तावीस तारीख, केक आहे, मी विसरलेले नाही. मैथिली बॅगा घेऊन जिन्यात उभी होती, ती तशीच वर निघून गेली. मी म्हटलं, बघू.

प्रणवराव, त्या घोटाळ्याची आठवण तुम्हाला तरी येते का? तो तुमचा पहिला अधिक. मिरजेहून बिस्किटांच्या डब्यातून आणलेले अनारसे, आणि पाट नव्हता म्हणून तुम्हाला मोरागबाईंच्या जेवणाच्या खोलीत सोफ्याच्या उशीवर बसवलेलं. मी कुंकू लावलं, ओवाळलं, दिव्यासकट ताट तुमच्या हातात दिलं. तेवढ्यात मोरागबाई दारात आल्या. त्यांनी दिवा पाहिला, मध्ये मांडी घालून बसलेला तरुण पाहिला, ताटातले गोल केक पाहिले, आणि हॅपी बर्थडे म्हणायला लागल्या. ह्यांनी त्यांना थांबवायचं सोडून टाळ्या वाजवायला सुरुवात केली. तुम्ही इतके लाजलात की बाईंची खात्रीच पटली, आणि संध्याकाळी त्या केक घेऊन आल्या. सासू जावयाला महिनाभर देव मानते, हे इंग्रजीतून समजावायचा धीर चौघांपैकी एकालाही झाला नाही. तेव्हापासून दर वर्षी मेअखेरीला येनाच्या पत्त्यावर त्यांचं तुमच्या नावाचं कार्ड येतं, आणि डिसेंबरात जन्मलेले तुम्ही आभाराचं उत्तर धाडत आलात.

गेल्या वर्षीचं कार्ड मैथिलीच्या फ्रिजवर चुंबकाखाली लावलेलं आहे. तुमच्याकडे तिने पाठवलं नाही. उघडलंही नाही आणि टाकलंही नाही.

परवा काय होणार आहे, मला कळत नाही.

आपली,
अहिल्या सबनीस


कॉरी, २८ मे

प्रणवराव,

पहिल्या पत्रात मी टोबियासना मैथिलीचे सहकारी म्हटलं. ते सहकारी आहेतच. सप्टेंबरात येनाच्या श्टांडेसआम्टमध्ये, म्हणजे लग्नं नोंदवतात त्या कचेरीत, ती दोघं लग्न करणार आहेत. तुम्हाला हे आणखी कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं असं मला वाटत होतं, आणि तेच लिहायचं मी दोन पत्रं टाळलं. आता लिहून झालं.

काल केक झाला.

दुपारी चहाच्या वेळी मोरागबाईंनी टेबल मांडलं. सुक्यामेव्याचा मोठा केक, वर एक मेणबत्ती, आणि पाच ताटल्या. पाचवी तुमची. शेवटच्या बोटीपर्यंत त्या तुमची वाट बघणार होत्या असं दिसलं. त्यांनी मैथिलीला विचारलं, तो कुठे राहिला गं? मला वाटलं, आता ही सांगणार. टोबियास तिच्या शेजारीच उभे होते. मी मान खाली घालून टेबलक्लॉथची किनार बघत बसले.

मैथिली म्हणाली, "या वेळी त्याला जमलं नाही."

एवढंच. टोबियासना इंग्रजी माझ्याहून चांगलं येतं, त्यामुळे त्यांना कळलं नाही असं म्हणायची सोय नाही. ते कोण, हे मोरागबाईंना कुणीच सांगितलं नव्हतं आणि त्यांनी स्वतःहूनही सांगितलं नाही. मग ते पुढे झाले, बाईंच्या हातातली सुरी घेतली आणि केक कापला. पहिला तुकडा त्यांनी पाचव्या ताटलीत ठेवला.

खरं सांगू? इथे येईपर्यंत मी त्या माणसाच्या चुका शोधत होते. चहा फुंकून पितात, भात काट्याने खातात, असल्या. काल मला एकही आठवेना आणि त्याचाच मला राग आला.

मोरागबाईंनी तो तुकडा फॉइलमध्ये गुंडाळून मैथिलीकडे दिला. त्याला दे, चांगला टिकतो, म्हणाल्या. मैथिलीने तो पाठीवरच्या सॅकमध्ये ठेवला. आज आम्ही बेटाच्या दक्षिणेला गेलो, लॅमलॅश, व्हाइटिंग बे, किल्डोनन, आणि तुमचा केक दिवसभर आमच्याबरोबर फिरला. उत्तरेसारखे उघडे सुळके इकडे नाहीत. इकडे कुरणं आहेत, गाई आहेत, दारात भाजीचे वाफे असलेली घरं आहेत. किल्डोननच्या खडकांवर सील तसेच पसरलेले होते. ह्यांनी त्यातल्या एका लठ्ठ सीलला आमच्या शाळेच्या हेडमास्तरांचं नाव दिलं होतं आणि तुम्ही किनाऱ्यावरून त्याला वाकून नमस्कार केला होता. आज मी त्याला शोधत होते. मैथिली पाण्याची बाटली काढायला सॅक उघडायची तेव्हा आधी ती फॉइलची पुडी बाहेर काढून मांडीवर ठेवायची आणि मग परत वर ठेवायची, म्हणजे चुरा होऊ नये. मी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

आपली,
अहिल्या सबनीस


कॉरी, ३० मे

प्रणवराव,

उद्या निघायचं. काल आणि आज उत्तर आणि पश्चिम किनारा पाहिला.

लॉखरांझाला हरणं गावातून अजून तशीच फिरतात, गोल्फच्या हिरवळीवर चरतात. त्या गावाजवळ, खाडीच्या टोकाला, एक जागा आहे. दोन जातींचे खडक एकमेकांवर तिरके टेकलेले. खालचा फार जुना, वरचा त्यामानाने नवा, आणि दोहोंच्या मध्ये जो अफाट काळ गेला त्याची दगडात काहीच खूण नाही. तो काळ इथे नुसता गळून गेला. अडीचशे वर्षांपूर्वी एका माणसाने हे पाहून पृथ्वीचं वय लोक समजतात त्याहून कितीतरी जास्त असणार, असं म्हटलं. मी हे फळ्यावर आकृती काढून वर्षानुवर्षं शिकवलं. मागच्या वेळी ह्यांचा गुडघा दुखत होता म्हणून आपण अर्ध्या वाटेवरून परतलो आणि मी काही बोलले नाही. काल टोबियासनी मला तिथपर्यंत नेलं. ओल्या दगडांवरून माझं कोपर धरून, मध्ये मध्ये थांबत. पोहोचल्यावर त्यांनी मला विचारलं की हे नेमकं काय आहे ते समजावून सांगाल का. त्यांना माहीत असणार, दगड नाही तरी भिंगं आणि प्रकाश हा त्यांचा विषय आहे, शिकलेला माणूस आहे. तरी मी सगळा तास घेतला आणि त्यांनी शेवटच्या बाकावरच्या मुलासारखं न ऐकता पहिल्या बाकावरच्यासारखं ऐकलं. मैथिली दगडावर बसून आमच्याकडे बघत होती.

आज कॅटाकॉलची ती बारा घरं पाहिली. तुम्हाला आठवत असतील, एकसारखी, खांद्याला खांदा लावून, समुद्राकडे तोंड करून. वरच्या मजल्याची खिडकी मात्र प्रत्येकाची निराळी. इथले लोक सांगतात की नवरे मासेमारीला गेले की बायका खिडकीत दिवा लावत, आणि खिडकीच्या आकारावरून ज्याला त्याला आपलं घर ओळखता येई. मागच्या वेळी हे ऐकून तुम्ही मैथिलीला म्हणाला होतात, आपली खिडकी कुठली असती? तिने एक दाखवली होती. आज मी तिला विचारलं नाही. ती त्या ओळीसमोरून चालत गेली, एका घरापाशी जराशी थांबली आणि पुढे गेली. टोबियास मागे राहिले. हाक मारली नाही त्यांनी.

आणि एक सांगायचं राहिलं. किल्डोननहून आलेल्या दिवशी तुम्हाला लिहिलेलं पत्र मी कॉरीच्या लाल पेटीत टाकत होते तेव्हा टोबियास धावण्याचा व्यायाम करून परत येत होते. पाकिटावर कोलोन आणि तुमचं नाव ठळक अक्षरात. शिक्षिकेचं अक्षर, लपवता येत नाही. त्यांनी वाचलं. मला म्हणाले, आजचं टपाल गेलं, उद्या सकाळी निघेल. आणि घरात गेले. मैथिलीला त्यांनी सांगितलेलं नाही.

मला तुमच्या बाजूने त्यांचा राग करता आला असता तर सोपं झालं असतं.

आपली,
अहिल्या सबनीस


येना, ४ जून

प्रणवराव,

पकडले गेले. परवा परतलो, मी लिफ्टची वाट बघत बॅगांपाशी उभी होते आणि मैथिलीने जाता जाता ब्रीफकास्टन, म्हणजे खालची टपालपेटी, उघडली. त्यात तुमचं कार्ड. ऱ्हाइनवरच्या पुलाचं चित्र, आणि मागे तुमचं ते मुंगीएवढं अक्षर. 'ती. आई, मोरागबाईंच्या लेखी माझा वाढदिवस मेमध्येच राहू द्या. वाणाचं तुम्ही म्हणाल तसं. प्रणव.'

तिने तिथेच उभं राहून वाचलं. घरात आल्यावर कार्ड टेबलावर ठेवलं, हात धुतले, आणि माझ्यासमोर बसली. ती रागावली असती तर मी उत्तर देणार होते, तयारही केलं होतं. ती रागावली नाही.

"पत्राचं मी बोलले नव्हते, गेनाऊ, अगदी बरोबर," ती म्हणाली. "पण मला काय म्हणायचंय ते तुला कळलं होतं ना, आई?"

मी कळलं होतं म्हटलं.

"माझं प्रणवशी भांडण नाहीये. आम्ही दोघं दमलो, बस्. पण तू त्याचं नाव घेतेस ना, तेव्हा मला वाटतं मी तुझ्याकडचं काहीतरी काढून घेतलंय. बाबा गेले, आणि मग तुझ्याशी बाबांबद्दल बोलणारा एक माणूस होता, तोही मी घालवला."

प्रणवराव, मी या पोरीची आई आणि हे मला दिसलं नव्हतं. मी समजत होते, तिला ते दिवस नकोसे झालेत म्हणून ती गप्प असते. मी तिच्याजवळ जाऊन बसले. मग आम्ही ह्यांच्या टोपीपासून सुरुवात केली. शाल, मिरजेचे महाराज, हेडमास्तर सील, उशीवर बसलेले तुम्ही. तिला माझ्याहून जास्त आठवत होतं. ह्यांनी मोरागबाईंना चुलीवरच्या भाकरीची कृती सांगितली होती आणि बाईंनी ती ओट्सच्या पिठाची करून पाहिली होती, हे मी पार विसरले होते. हसता हसता ती रडली, मीही रडले. टोबियास बॅगा घेऊन आत आले, आमच्याकडे पाहिलं आणि दुकानातून दूध आणायला म्हणून गेले. दूध घरात होतं.

शेवटी ती म्हणाली, "वाण कुणाला द्यायचं ते तू ठरव. मी काही म्हणणार नाही. पण दोघांना नको, आई. एका वेळी दोन जावई नसतात."

ती म्हणते ते बरोबर आहे. आणि तुम्ही लिहिता, वाणाचं तुम्ही म्हणाल तसं. हे काय उत्तर झालं? सगळे मिळून माझ्याच गळ्यात घालताय. अनारशाचा गोळा मात्र छान मुरला आहे, डबा उघडला की गुळाचा आंबूस वास येतो. आता फार दिवस थांबता येणार नाही. केकचा तुकडा तिने फ्रीजरमध्ये ठेवला आहे, मटारच्या पिशवीमागे.

आपली,
अहिल्या सबनीस


येना, १४ जून

चि. प्रणव,

आजपासून तुला अरे-तुरे करते आहे. जावयाला अहो-जाहो करायचं, नावापुढे राव लावायचं, ही आमच्या घरची रीत. ती मी निभावली, पण तुला राव म्हणताना मला दर वेळी मनात हसू यायचं. आता ते नको.

वाण मी टोबियासना दिलं. आज सकाळी.

अनारशांची गंमत ऐक. इथे पांढरी खसखस मिळाली नाही, निळी-काळी मिळते, त्यामुळे अनारशांवर शाईचे शिंतोडे उडाल्यासारखे दिसत होते. पहिले चार तुपात सोडले आणि हसले. पार विरघळून तूपभर झाले. टोबियास बाजूला उभे राहून बघत होते, काय झालं म्हणाले. मी म्हटलं, हसले. त्यांनी कढईत वाकून पाहिलं, मग मैथिलीकडे पाहिलं, आणि गंभीरपणे विचारलं की कशाला हसले. मैथिली भिंतीला टेकून हसत सुटली. मग गोळ्यात थोडी कोरडी पिठी मिसळली, आच कमी केली, आणि पुढचे सगळे नीट झाले. जाळी पडली, खसखशीची बाजू वर ठेवून एकाच बाजूने तळले, तू म्हणायचास तसे, कुरकुरीत आणि मध्ये मऊ.

पाट नाहीच. योगाच्या चटईची घडी घालून त्यावर त्यांना बसवलं. दिवा लावायच्या आधी मैथिलीने छतावरच्या, धूर झाला की ओरडणाऱ्या यंत्रावर शॉवर कॅप चढवली. कुंकू लावलं, ओवाळलं. ताट त्यांच्या हातात दिलं तेव्हा त्यांनी ते कसं धरायचं म्हणून विचारलं, आणि मग, कॉरीत जे झालं ते सगळं ठाऊक असल्यामुळे, हळूच म्हणाले, "आज माझा वाढदिवस आहे का?"

मी म्हटलं, हो. सप्टेंबरापर्यंत थांबायला हवं होतं, लग्नाआधी जावई कसा, असं म्हणणारे म्हणतील. पण पुढचा अधिक यायला तीन वर्षं आहेत आणि माझं वय काही अधिक महिना बघून थांबणार नाही.

तेहतीस मोजून ताटात ठेवले. वाणाचे मोजावे लागतात.

तुझे मी त्याआधीच बाजूला काढले होते. पहिल्या चांगल्या घाण्यातले, सगळ्यात मोठ्या जाळीचे. किती आहेत ते मोजलं नाही. स्टीलच्या डब्यात पेपर घालून भरले आहेत. मैथिली संध्याकाळी स्वयंपाकघरात आली, फ्रीजरमधून फॉइलची पुडी काढून झाकणाखाली ठेवली, आणि मग फ्रिजवरचं मोरागबाईंचं कार्डही चुंबकाखालून काढून त्यावर ठेवलं. या वर्षीचं अजून आलेलं नाही. ते आलं तर तिने मोरागबाईंना तुझा पत्ता कळवायचा, असं आमचं ठरलं आहे, आणि त्यांना खरं काही सांगायचं नाही असंही ठरलं आहे. त्यांना तुझा वाढदिवस लाभला आहे, तो कशाला काढून घ्यायचा.

डबा टपालाने पाठवणार नाही, अनारशांचा भुगा होईल. येत्या गुरुवारी, अठरा तारखेला, दुपारी मी फ्रँकफर्टहून निघते आहे. कोलोनहून तुला आगगाडीने तासाभराचा रस्ता. मी टर्मिनल एकमध्ये, बॅगा दिल्यावर बाहेरच्या बाकांवर, डबा मांडीवर घेऊन बसलेली असेन. मैथिली आणि टोबियास सोडायला येणार आहेत. तुला बोलावते आहे असं मी तिला सांगितलं, या वेळी आधी सांगितलं. ती म्हणाली, तो आला तर मी काही पळून जाणार नाही, सगळे मिळून कॉफी घेऊ.

उद्या अधिक संपतो. गुरुवारी साधा महिना असेल. जावयाला बोलवायचं तर अधिक लागतो, ताट लागतं, दिवा लागतो, मान द्यावा लागतो. तुला यातलं काहीच मिळणार नाही. भूक असेल तर ये.

आई